पालकसभेत नेलेला दिल्लीचा अभ्यास

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या एका इंग्रजी शाळेनं पहिलीत आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं गरीब-वंचित घरच्या मुलांसाठी ठेवलेल्या 25 टक्के जागांवर लागलेली सगळी पोरं ‘ब’ तुकडीत टाकली होती अन् फी भरणारी सगळी ‘अ’ मध्ये. विचारलं तर म्हणे लेव्हलप्रमाणे वर्ग पाडले. सहा वर्षांच्या लेकराची कसली लेव्हल? मी शिक्षण हक्काचं काम करते, पालकांनी बोलावलं म्हणून सभेला गेले.

नियम सांगणं सोपं होतं. 25 टक्क्यांतून आलेल्या मुलांना वेगळं बसवायचं नाही असं 2010 च्या केंद्राच्या नियमातच आहे. पण नियम ऐकून ‘अ’वाल्या पालकांची भीती जात नाही ना, म्हणून अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांचा अभ्यास मराठीत दोन पानांत लिहून झेरॉक्स नेल्या होत्या. दिल्लीतल्या मोठ्या खासगी शाळांना 2007 पासून गरीब मुलं घ्यावी लागली, त्यावरचा हा अभ्यास 2019 मध्ये छापून आला.

त्यातली रिले रेस मी सविस्तर सांगितली. पैसेवाल्या घरच्या मुलांना जोडीदार निवडायचा होता, एक गरीब पण जोरात पळणारा, दुसरा आपल्यासारख्याच घरचा पण हळू. बक्षीस फक्त 50 रुपयांचं असलं की जवळपास तिसरा हिस्सा मुलं हरायची पाळी आली तरी आपल्यातलाच घ्यायची. पण ज्यांच्या वर्गात गरीब मुलं आधीपासून सोबत शिकत होती त्यांच्यात हा भेदभाव बराच कमी झाला होता, आणि ती दुसऱ्याला मदत करण्यातही पुढं होती.

मग मागून एक भाऊ उठले, कृषी केंद्रवाले. "ते सगळं ठीक आहे ताई, पण आमच्या पोट्ट्यायचा अभ्यास बिघडला तं? त्यात काय लिवलं हाय?"

सगळे गप्प. मी दुसरं पान काढून वाचलं, गणितात अन् हिंदीत काही फरक पडला नाही, इंग्रजीचे मार्क मात्र थोडे कमी झाले. माझ्यासोबतच्या कार्यकर्तीनं डोळे मोठे केले, हे काहून सांगून राहिल्या म्हणून. पण ते मी लपवलं असतं अन् उद्या कोणी मोबाईलवर शोधून काढलं असतं तर बाकीच्या पानावर कोणी कशाला विश्वास ठेवला असता?

भाऊ म्हणाले, "मंग इंग्रजीचा एक तास वाढवा ना, भिंत कायले पायजे?" तिथून सभा फिरली. ‘ब’ मधल्या एका आईनं विचारलं, माझ्या पोरीला ‘अ’ ची मॅडम का नाही, आणि संस्थाचालकांकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या सत्रापासून बघू म्हणाले. आम्ही म्हटलं सत्र नाही, दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच, आणि तसं लिहून द्या. दिलं. सुट्टी संपल्यावर पालकांसमोर चिठ्ठ्या टाकून तुकड्या पाडल्या, इंग्रजीचा जादा तास दोन्हीकडे सुरू झाला. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आता तालुक्यातल्या बाकी शाळांची तुकडीनिहाय यादी मागितली आहे.