किल्पेकच्या वळचणीखाली

इंग्लंडमधल्या हेरफर्डला जाणार असाल तर अर्धा दिवस किल्पेकसाठी काढाच. शहराच्या नैर्ऋत्येला साधारण १४ किलोमीटरवर, वेल्सच्या सीमेजवळ हे खेडं आहे. तिथलं सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड चर्च ११४० च्या सुमाराचं. आकाराने लहानसं, पण तांबड्या वालुकाश्मात जे कोरलंय ते बघायला मला आणि आईला तीन तास पुरले नाहीत.

आधी दक्षिणेच्या दारासमोर थांबा. कमानीतल्या अर्धगोल दगडावर द्राक्षाचा वेल, डाव्या खांबावर वेलीत गुरफटलेले दोन योद्धे, कडेच्या खांबांवर एकमेकांत अडकलेले साप. उजव्या स्तंभशीर्षावर एक चेहरा आहे आणि त्याच्या तोंडातून पानांचे फाटे फुटलेत. जवळ जाऊन बघितलं तर पानांच्या शिराही दिसतात. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी कोरलेला हा दगड आहे, हे स्वतःला बजावून सांगावं लागतं.

मग मान वर करा. छपराच्या वळचणीखाली सगळ्या भिंतींवरून दगडी टेकूंची रांग फिरते. त्यांना कॉर्बेल म्हणतात, आणि आज त्यातले ८५ शिल्लक आहेत. प्रत्येकावर वेगळं काहीतरी: मेंढा, वाद्य वाजवणारा, कुस्तीत भिडलेली जोडी. सगळ्यात लाडका आहे तो कुत्रा आणि ससा. शिकार आणि शिकारी, पण शेजारी शेजारी खेटून बसलेत. सशाचे कान ताठ, कुत्र्याचे लोंबते, दोघांचे डोळे गोल गोल.

गाभाऱ्याच्या बाजूच्या टेकूंमध्ये शीला-ना-गिग नावाची नग्न स्त्रीमूर्ती आहे: मोठं डोकं, बटबटीत डोळे आणि दोन्ही हातांनी उघडून धरलेली योनी. आई म्हणाली, "अगं, ही तर आपली लज्जागौरी!" मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण लज्जागौरीच्या अंगात सुफलतेचा भरगच्चपणा असतो, बऱ्याचदा डोक्याच्या जागी कमळ असतं. ही मात्र थेट आपल्याकडे बघते. ती कशासाठी कोरली यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. आईला ती देवीच वाटली, आणि मी वाद घातला नाही.

आत काळोख असतो, डोळे सरावू द्या. गाभाऱ्याआधीच्या कमानीच्या दोन्ही अंगांना संत एकावर एक उभे आहेत, तीन इकडे, तीन तिकडे. पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून आ वासलेली ड्रॅगनची तोंडं पुढे आलेली दिसतील, तीही चुकवू नका.

दुर्बीण न्याच, नाहीतर निम्मे टेकू नुसते ठिपके वाटतील. दक्षिणेच्या दारावर दुपारी ऊन येतं, ढगाळ दिवशी बारीक कोरीवकाम सपाट दिसतं. रविवारी प्रार्थना असेल तर ती संपेपर्यंत बाहेरची प्रदक्षिणा घ्या. चर्चमागे जुन्या किल्ल्याची टेकडी आहे. तिथलं गवत ओलं असतं, तेव्हा चांगले बूट घाला. स्वतःची गाडी नसेल तर हेरफर्डहून टॅक्सी करा आणि परतीची वेळ उतरतानाच ठरवा. आम्ही ती ठरवली नव्हती, आणि फोनला रेंज शोधत रस्त्यापर्यंत चालावं लागलं.

टॅक्सी यायला दहा मिनिटं होती. आई पुन्हा सशा-कुत्र्याखाली जाऊन उभी राहिली.