मानद सदस्यत्व आणि कोऱ्या जागा

एका विद्वत्सभेने मला मानद सदस्य करून घेतल्याचे पत्र आले, तेव्हा मी निरपेक्ष वेधांच्या खोलीत, म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हाताने मोजण्याच्या खोलीत होते. या खोलीच्या बांधकामात लोखंडाचा खिळाही नाही. आत शिरण्यापूर्वी घड्याळ, किल्ल्या, पट्टा, पोलादी फ्रेमचा चष्मा आणि अर्थातच फोन बाहेर ठेवावा लागतो. त्यामुळे बेटावरच्या या चुंबकीय वेधशाळेत मला बहुतेक बातम्या शिळ्याच मिळतात.

पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद स्वयंचलित उपकरणे दर सेकंदाला घेत असताना माणूस कशाला हवा, असे क्वचित येणारे पाहुणे हमखास विचारतात. ती उपकरणे फक्त चढउतार सांगतात; चढउतार ज्या पातळीपासून मोजायचे ती बेसलाइन तापमानामुळे आणि खांब किंचित कलल्यामुळे सरकत राहते. म्हणून थिओडोलाइट या कोन मोजण्याच्या उपकरणाच्या दुर्बिणीवर बसवलेला फ्लक्सगेट, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा संवेदक, शून्य दाखवेपर्यंत दुर्बीण अलगद फिरवायची, दिक्पातासाठी (चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला कोन) चार स्थितींत आणि नतीसाठी (क्षेत्राचा क्षितिजाशी होणारा कोन) चार स्थितींत. चारांची सरासरी घेतली की दुर्बीण व संवेदक यांच्या जुळणीतला दोष निघून जातो. नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक; क्षेत्र हजारो नॅनोटेस्लांचे आणि हवी असलेली अचूकता एका नॅनोटेस्लाची, हे काम हाताने साधते याचा मला अभिमान आहे.

पत्रात मात्र या कौशल्याबद्दल अवाक्षर नव्हते. शंकास्पद काळातील नोंदी अंदाजाने न भरता कोऱ्या ठेवल्या जातात, एवढ्या कारणासाठी आमच्या केंद्राचा विशेष उल्लेख होता. रसद उतरवणारा ट्रॅक्टर संवेदकांच्या फार जवळून गेला की आलेख उसळतो, आणि त्या मिनिटांच्या जागी आम्ही ९९९९९ हा 'नोंद नाही' असे सांगणारा आकडा लिहितो. आमच्या मुख्यालयाच्या वार्षिक तक्त्यात यासाठी एकच रकाना आहे, 'उपलब्ध नोंदींची टक्केवारी', आणि ती घसरली की खुलासा मागवला जातो. दोन टोके सरळ रेषेने जोडून खड्डा बुजवणाऱ्या केंद्राला तिथे पैकीच्या पैकी गुण मिळतात, याला मी व्यवस्थापन म्हणत नाही.

म्हणजे त्या सभेतील कोणीतरी आमच्या फायली उघडून वाचल्या होत्या. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा कापडव्यापारी आणि सूक्ष्मदर्शक बनवणारा लेव्हेनहूक १६८० साली लंडनच्या रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, पण तिच्या सभेला तो एकदाही गेला नाही. डच भाषेत पत्रे पाठवत राहिला. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांविषयी त्याने १६७६ मध्ये लिहिले, तेव्हा सोसायटीने नुसती मान डोलावली नाही. पुढच्या वर्षी सोसायटीतल्या रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने ते जीव स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहून खात्री केली. दूर बसलेल्या माणसाला किताबापेक्षा ही तपासणी मोलाची वाटली असेल, असे मला आता वाटते.

आभाराचे पत्र मी लिहिले आहे. ट्रॅक्टरच्या वेळा वहीत टिपून ठेवणाऱ्या तंत्रज्ञ सहकाऱ्याचे नाव सभेच्या नोंदीत माझ्या नावाशेजारी यावे, अशी विनंती त्यात आहे. ती मान्य होईल की नाही, सांगता येत नाही. सभेच्या पत्राची एक प्रत आमच्या मुख्यालयालाही पाठवाल का, असे विचारणारे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिले, आणि सध्या ते मसुद्यात आहे.