तुम्ही विचारलंत म्हणून : लिलीचे कांदे कधी वेगळे करायचे?

"कुंडी पानांनी गच्च भरली आहे, फूल मात्र एकच आलं. कांदे आता सोडवू का?" नागपुरात हा प्रश्न नेमका मार्च-एप्रिलमध्ये येतो. आपण लिली म्हणतो ती अमरिलिस तेव्हाच फुलते आणि कुंडीकडे लक्षही तेव्हाच जातं. माझं उत्तर ठरलेलं आहे : आत्ता नको. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत करा.

फुलं संपून पानं पिवळी पडली की कांदे खणा, हा सल्ला ट्युलिप-डॅफोडिलचा आहे. थंड देशांत त्यांची पानं जूनच्या सुमारास सुकतात आणि कांदे पुन्हा लावतात ते हिवाळ्याच्या तोंडावर. ट्युलिपला 12 ते 14 आठवडे सलग गारठा मिळाला तरच धड दांडा येतो. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, म्हणून विकत आणलेला ट्युलिप इथे एकदाच फुलतो. अमरिलिसचा क्रम वेगळा आहे. फुलल्यावर ती पानं काढते, पावसाळाभर कांद्यात अन्न साठवते आणि थंडीत थांबते. एप्रिलमध्ये उपटली तर तुटलेल्या मुळांनी 45 अंशांचा उन्हाळा काढायचा. पावसात उपटली तर काळी माती पाणी धरून बसते आणि ताज्या जखमेतून कांदा सडतो.

नोव्हेंबर लागला की पाणी कमी करत न्या, महिनाअखेर बंद करा. हिरवी पानं कापू नका. काही झाडं आपल्या थंडीत पूर्ण सुकत नाहीत, पण वाढ थांबली असली तरी पुरे. कांद्याच्या मानेशी, म्हणजे पानं निघतात त्या टोकाशी, भाल्याच्या पात्यासारखं जाड टोक दिसलं तर तो फुलाचा दांडा आहे. मग त्या वर्षी राहू द्या.

कुंडी आडवी करून कडेने थोपटा. जमिनीत असेल तर कांद्यापासून वीतभर लांब सब्बल घाला. माती हाताने झाडा, धुऊ नका. आता मोठ्या कांद्याच्या अंगाला चिकटलेली पिल्लं दिसतील. एकेक हलवून पाहा. तयार झालेलं पिल्लू हलक्या पिळ्याने आपली मुळं घेऊन सुटतं. ते मोठ्या कांद्याच्या निदान एक तृतीयांश तरी हवं. त्याहून लहान असेल किंवा जोर लावावा लागत असेल, तर आईजवळच ठेवा. कापायचीच वेळ आली तर चाकू स्पिरिटने पुसून घ्या आणि तळाच्या टणक चकतीचा तुकडा पिल्लाकडे येईल असा काप द्या. मुळं त्या चकतीतूनच फुटतात. ती नसेल तर हातात नुसते पापुद्रे उरतात आणि ते कुजतात. सर्वात जास्त पिल्लं वाया जातात ती इथेच.

पांढरी, भरीव मुळं छाटू नका, ती वर्षानुवर्षं काम करतात. तपकिरी, पोकळ तेवढी काढा. जखमेवर मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची चिमूट लावून कांदे सावलीत 3-4 दिवस सुकवा. बाहेरच्या पापुद्र्यांवर लाल चट्टे ही बुरशी, ते पापुद्रे सोलून टाका. दाबल्यावर मऊ लागणारा कांदा सरळ फेका. हातमोजे घाला, रसाने खाज सुटू शकते. कांदा विषारी असतो, म्हणून लहान मुलं आणि कुत्र्यामांजरांपासूनही दूर ठेवा.

लावताना कुंडी कांद्याच्या चहूबाजूंनी दोन बोटं मोठी, त्याहून नको. बागेची माती, जाडी वाळू (कन्हान नदीची उत्तम) आणि जुनं शेणखत समभाग घ्या, वर मूठभर निंबोळी पेंड. कांद्याचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर राहायला हवा. मान पुरली की पाणी आत उतरतं. एकदा भरपूर पाणी द्या, नंतर कोंब दिसेपर्यंत बोटाने ओल बघूनच.

पिल्लांना फुलायला दोन-तीन वर्षं लागतात. आणि खरं सांगायचं तर, फूल न येण्याचं कारण बहुतेक वेळा दाटी नसतंच. अमरिलिसला थोडी दाटी मानवते. साधारण चार पानांमागे एक दांडा असा तिचा हिशोब आहे, त्यामुळे फुलं ओसरल्यावर पानं जगवली नाहीत तर पुढच्या वर्षी दांडा येणार कुठून? एप्रिल-मेमध्ये सावलीसाठी हिरवी नेट, सकाळी पाणी, आणि पाऊस लागल्यावर मोकळं ऊन एवढं सांभाळा. कांदे सोडवणं तीन-चार वर्षांतून एकदा पुरे.

नवतपाच्या (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) आसपास फुलणाऱ्या फुटबॉल लिलीलाही हाच डिसेंबर-जानेवारीचा मुहूर्त, फक्त तिचं टोक मातीच्या पातळीत ठेवा. तिला हलवणं आवडत नाही, एखादं वर्ष ती फुलणारही नाही. रेन लिली मात्र बिनधास्त हलवा, पहिल्या पावसानंतर झुपका फोडून लावला तरी ती धरते.