केरीची अल्टो, दसऱ्याआधी

२५ मे २०२५
२०११ ची अल्टो एलएक्सआय. पांढरी, जीए-०३ पासिंग, ७१ हजार किलोमीटर, एकच मालक. पेडण्यातल्या केरीला एका निवृत्त गुरुजींकडे दोन वर्षं उभी होती. "इंजिनाला काही झालेलं नाही रे, मीच चालवायचा थांबलो," असं गुरुजी म्हणाले, आणि ते खरं निघालं. माझी बॅटरी लावली, दुसऱ्या सेल्फला सुरू. दुरुस्त करून विकायची म्हणून ५५ हजारांना सौदा ठरला. मागची चाकं फिरेनात, म्हणून पिकअपवर चढवून डिचोलीला आणली.

गाडी उभी होती ती जागा मात्र मनात घर करून बसली. समुद्र हाकेच्या अंतरावर, वर सुरूची झाडं आणि झाकायला ताडपत्रीही नाही. म्हणून रंगाला हात लावण्याआधी कार्पेट उचलायचं ठरवलं.

१ जून
दोन्ही सीट काढल्या. चार बोल्टपैकी एक गंजून बसला होता, रात्रभर तेल सोडून ठेवलं तेव्हा सुटला. ड्रायव्हरच्या बाजूचा पत्रा ठणठणीत. डावीकडचं कार्पेट उचललं तर खालचा नमदा चिंब, पिळला तर तांबूस पाणी गळतंय. सीटच्या रुळाखाली बारीक वाळू. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि ते सरळ खाली गेलं, खालची फरशी दिसली. तळहाताएवढं एक भोक, शेजारी दोन लहान.

पाणी कुठून येतं ते कळल्याशिवाय पत्रा जोडण्यात अर्थ नाही. पुतण्याला टॉर्च देऊन आत बसवलं आणि मी बाहेरून काचेवर पाइप धरला. तीन मिनिटांत आतून ओरडला, "काका, डॅशबोर्डमागून येतंय!" वायपरखालची जाळी काढली. आत सुरूच्या काड्यांचा गादीसारखा थर, दोन बोटं जाड, जटा वळाव्यात तसा घट्ट. पाणी जायची वाट त्यानेच बुजली होती. साचलेलं पाणी सांध्याच्या तडकलेल्या सीलंटमधून आत उतरत होतं. काड्या हातानेच उपसल्या, अर्धी बादली भरली. दारांच्या तळाची भोकंही तारेने मोकळी केली, तिथून लाल चिखल आला.

किनाऱ्याजवळची गाडी घेणाऱ्यांनी ही जाळी पहिल्यांदा उघडावी. बॉनेट वर करून इंजिन बघत बसतात सगळे, आणि पाणी एका वितीवर चोरून वाहत असतं.

१५ जून
यंदा पाऊस मे महिन्यातच आला, त्यामुळे सगळं काम पडवीत. सैल गंज तारेच्या ब्रशने काढला. चांगल्या पत्र्यावरच्या डागांना रस्ट कन्व्हर्टर लावला, त्यातल्या आम्लाने तांबडा गंज तासाभरात काळा होऊन बसतो. पण जिथे पत्राच उरलेला नाही तिथे कन्व्हर्टर, फायबर, पुट्टी काही उपयोगाचं नाही, तेवढा भाग कापूनच काढावा लागतो. चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापत गेलो, भोक दुप्पट झालं.

वेल्डिंग मला जमत नाही. ओळखीच्या मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी २० गेजचा पत्रा कापून, ठोकून खाचेत बसवला आणि सीओटू वेल्डिंगने एकेक टाका इकडे एक, तिकडे एक असा मारला. सलग ओढला तर पत्रा तापून वाकतो. त्याआधी बॅटरी सोडली, आतलं डांबराचं अस्तर खरवडून काढलं, खालची पेट्रोलची नळी बाजूला बांधली. पाण्याची बादली घेऊन मी शेजारी उभा. सांध्यांवर झिंक प्रायमर, मग सीलंट, मग रंग. वरून नवा नमदा.

"खालून सगळीकडे काळं अंडरकोटिंग मारून टाका, गिऱ्हाईक वाकून बघत नाही," असा सल्ला दोघांनी दिला. मला तो पटत नाही. जुन्या गाडीखाली ताजं काळं कोटिंग दिसलं, की मी स्वतः आधी स्क्रूड्रायव्हर काढतो. जोडाचा प्रत्येक टप्पा फोटोत ठेवला आहे.

६ जुलै
मागचे ब्रेक. हँडब्रेक ओढून गाडी ठेवल्याने ब्रेकचे शू (आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) ड्रमला चिकटले होते. ड्रमवरच्या दोन आटे पाडलेल्या भोकांत ८ एमएमचे बोल्ट घालून आळीपाळीने आवळले, कडकन आवाज होऊन ड्रम सुटला. शू नवे, एक व्हील सिलिंडर पाझरत होता तो बदलला, ब्रेक ऑइल पूर्ण नवं. ज्यांची गाडी पावसाळाभर उभी असते त्यांनी हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना दगड लावावेत.

इंजिनात फारसं करावं लागलं नाही. तीन सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, १६५, १६०, १६८ पीएसआय, तिन्ही जवळजवळ सारखे. टायमिंग बेल्ट किलोमीटरने तरुण, वयाने म्हातारा, दातांच्या मुळाशी चिरा. टेन्शनरसकट (बेल्ट ताणून धरणारी पुली) बदलला. दोन टायरांवर १४१७ छापलेलं, म्हणजे २०१७ चा चौदावा आठवडा. नक्षी शिल्लक होती तरी काढून टाकले.

ऑगस्ट
रंगाला महिना थांबलो. एका सततच्या पावसाच्या दिवशी जुन्या पत्र्यावर मारून पाहिलं, तर थिनर उडताना हवेतली ओल बसून रंगावर पांढुरकी साय आली. म्हणून श्रावणात उघडीप मिळेल त्या दुपारी फक्त घासकाम: ४०० चा पॉलिश पेपर, मग ८०० पाणी लावून. पेट्रोलच्या टोपणाचं झाकण काढून म्हापशाला रंगवाल्याकडे नेलं. चौदा वर्षांच्या उन्हाने पांढरा रंग पिवळसर होतो, डब्यावरच्या नंबराने दिलेला रंग ठिगळासारखा दिसला असता. त्याने झाकण समोर ठेवून थेंबथेंब पिवळा घातला. चवथ झाल्यावर दोन दारं आणि डावा फेंडर रंगवले. दार उघडून आतली कड पाहिली तर फरक दिसतो, बाहेरून नाही.

२१ सप्टेंबर
हिशेब: पिकअप २,०००, बॅटरी ३,२००, पत्रा-वेल्डिंग ४,५००, बेल्ट-टेन्शनर-कूलंट ३,४००, ब्रेक २,९००, टायर ५,८००, रंग-प्रायमर-थिनर ५,२००. मिळून २७ हजार. गाडीसकट ८२. मागणी १ लाख १० हजार ठेवली आहे, लाखावर थोडं आलं तरी देईन.

नोंदणीची पंधरा वर्षं मार्च २०२६ ला संपतात. फॉर्म २५ भरून, गाडी तपासून घेऊन पुढची पाच वर्षं मिळवायची आहेत, आणि तो खर्च घेणाऱ्याचा. हे फोनवरच सांगतो. दोघांनी ऐकूनच फोन ठेवला, ठेवू देत. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० तयार आहेत. विक्रीची खबर आरटीओला चौदा दिवसांत द्यायची, ती मी स्वतः जाऊन देणार.

वाळपईचे एक काका येत्या रविवारी आपला फिटर घेऊन येणार आहेत. मुलीला कॉलेजला जायला दसऱ्याला गाडी द्यायची म्हणतात. डावी सीट पुन्हा सोडून ठेवली आहे, नमदा गुंडाळून मागे टाकलाय, आणि फोटोंचं पाकीट डॅशबोर्डवर.