बॅनरची डावी काठी

सोलापुरात राहून मोर्चाची नजर चुकवता येत नाही. पूनम गेटवरून केव्हाही जा, कुणी ना कुणी बसलेलं असतंच. कधी विडी कामगार, कधी यंत्रमागवाले, कधी अंगणवाडीच्या ताई, कधी एखादाच माणूस सतरंजी टाकून उपोषणाला. मी वर्षानुवर्षं तिथं स्कूटर हळू केली, फलक वाचला आणि पुढे गेलो. मागण्या पटायच्या. पोलिसांची भीती नव्हती, भीती होती ती "या की अण्णा, दोन शब्द बोला" याची.

मुळात पंगतीत दुसरी जिलेबी हवी असली तरी मी वाढप्याला खुणेनं सांगतो. आणि घोषणेची अडचण अशी की ती देणारा अर्धीच देतो. "कोण म्हणतो देणार नाही?" असं त्यानं विचारलं की उरलेली आपण पुरी करायची, तीही मूठ वळून, हात उंच करून. माझा हात खांद्यापर्यंत येतो आणि तिथून घड्याळ बघून खाली जातो.

आमच्या भागात पाण्यासाठी मोर्चा ठरला तेव्हा मात्र घरी बसणं जड गेलं. सोलापूरकराला पाण्याचं काय सांगायचं! उजनी काठोकाठ भरली तरी नळ रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरातलं कुणीतरी कामाला खाडा करतं. मोर्चाची सूत्रं अक्कांकडे होती. अक्का मागच्या गल्लीतल्या, विडी वळणाऱ्या. त्यांच्यासाठी माइक भाड्यानं आणायची गरज पडत नाही. मी कडेला उभा राहून चपलेचा अंगठा नीट करत होतो, तर त्या सरळ समोर आल्या.

"तोंड तुमचं काय कामाचं नाही ओ अण्णा. हात हैत न्हवं रिकामे? मग ही काठी धरा."

बॅनरची डावी काठी हाती आली आणि माझा प्रश्न सुटला. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे मूठ वळायची सोयच नाही, आणि काठीवाल्यानं घोषणा दिली नाही तर कुणी विचारतही नाही. शिवाय कापड ताणून धरलं की अर्धा चेहरा त्याच्याआड जातो, आणि एप्रिलच्या उन्हात तेवढीच सावली. पण कामही दिसतं तेवढं सोपं नाही. कापडात जागोजागी अर्धगोल छेद दिलेले असतात, वारा त्यातून निघून जावा म्हणून. तरीही चौकात वळताना झोत आला की मनगट पिरगळतं. त्यात दोन काठीवाल्यांची चाल जुळावी लागते. एकानं घाई केली की कापड तिरकं होतं, एक रेंगाळला की मधली अक्षरं मिटतात आणि बघणाऱ्याला मागणीच कळत नाही. उजव्या काठीचा गृहस्थही माझ्याच जातकुळीतला निघाला. आम्ही सबंध रस्ता एकमेकांकडे बघून नुसत्या भुवया हलवत चाललो आणि कापडाला एक घडी पडू दिली नाही.

वाटेत चार पुतळा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेली ही माणसं, त्यांच्यापुढे माझ्यासारख्यानं आपल्या बुजरेपणाचं कौतुक सांगू नये. पण त्याआधीच्या उन्हाळ्यात, 1930 च्या मार्शल लॉमध्ये, या गावात गांधी टोपी घालून रस्त्यावर दिसलं तरी धरपकड व्हायची. एक शब्दही न बोलता टोपी घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन येणारा माणूससुद्धा सरकारला खुपत होता. अशा टोपीवाल्यांत माझ्यासारखे अबोल किती असतील, हे त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं.

पुढच्या खेपेपासून निवेदनही माझ्याकडे आलं. मी टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब लिहितो, अक्षर बरं आहे. "उपरोक्त विषयास अनुसरून" इथपर्यंत लेखणी सरळ चालते. "अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील" हे लिहिताना मात्र मला स्वतःचंच हसू येतं. जिलेबी न मागणारा माणूस परिणामांची धमकी देतोय! खाली सह्या मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा सगळ्या लिप्यांत, आणि मधूनमधून निळे अंगठे.

शिष्टमंडळ वर साहेबांच्या दालनात जातं, फोटो निघतो. मी तेवढ्यात खाली आवक-जावकच्या टेबलापाशी उभा असतो. कार्यालय कुठलं ते सांगत नाही, ही टेबलं सगळीकडे सारखीच. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडला की ती पोच मी खिशात ठेवतो. फोटो दुसऱ्या दिवशी विसरला जातो, तो आकडा विसरला जात नाही. कागदाचं पुढे काय झालं हे माहिती अधिकारात विचारायचं तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून तोच क्रमांक लिहायचा, 30 दिवसांत उत्तर देणं त्यांना भाग असतं. शिवाय 2005 चा दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो की साधारणपणे कुठलीही फाइल एका टेबलावर कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त अडकून राहू नये. तारखा मोजायचं हे काम घसा न ताणणाऱ्याला चांगलं जमतं.

अक्कांना अजून आशा आहे की मी एक दिवस बोलेन. परवा म्हणाल्या, "अण्णा, औंदा सभेत दोन मिंटं तरी उभं ऱ्हावा."

म्हटलं, "त्यापेक्षा निवेदन जरा कडक लिहितो."

"कडक म्हंजे आपल्या भाकरीगत कडक," अक्का म्हणाल्या. "महिना झाला तरी मऊ पडाया नको."