राजाबाई, नाथीबाई आणि आई

दिवाळीत चुलतभाऊ इंग्लंडहून आला तो ऑक्सफर्डचे शे-दोनशे फोटो घेऊनच. जुनी दगडी कॉलेजं, हिरवळ, सायकली. ते बघून आमचे चिरंजीव (इयत्ता नववी) म्हणाले, "आपल्याकडे असं काहीच नाही." बाबा लगेच म्हणाले, "पुणं आहे की! विद्येचं माहेरघर." यावर आईने भाजणी मळता मळता विचारलं, "पुणं कशाला? तुमच्या पदवीवर कुठल्या गावाचं नाव आहे?"

मग मोजायला बसलो. बाबा, काका, मी, माझा नवरा आणि धाकटी बहीण, असे घरात मुंबई विद्यापीठाचे पाच पदवीधर. कलिन्याला, विद्यापीठाच्या आवारात, सगळे जाऊन आलेले, पुनर्मूल्यांकनाच्या फॉर्मसाठी नाहीतर मार्कशीटसाठी, आणि तेही रांगेत उभं राहायला. पण फोर्टातली मूळची दगडी इमारत आतून एकानेही पाहिलेली नव्हती. बाबांचं बीकॉम १९७३चं. गिरणीच्या हिशेब खात्यात नवीन नोकरी होती, पदवीदानाला रजा मिळाली नाही. पदवी पोस्टाने, पुठ्ठ्याच्या नळकांड्यातून आली.

जानेवारीतल्या एका शनिवारी हेरिटेज वॉकला नावं नोंदवली आणि मुलुंडहून सकाळची फास्ट पकडली. रविवार मुद्दामच टाळला, मेगाब्लॉकच्या दिवशी सत्तरी ओलांडलेल्या दोघांना बाहेर काढायची माझी छाती नाही. सीएसएमटीहून चालत हुतात्मा चौक. तिथे बाबांनी नेहमीप्रमाणे चप्पल काढून नमस्कार केला. त्यांच्या लहानपणी हा नुसता फ्लोरा फाउंटन होता.

फाटकातून आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. बाहेर बेस्टच्या बसचे हॉर्न आणि आत चक्क पोपटांचा आवाज. आमची गाइड पंचविशीची, बोलायला चटपटीत. तिने सुरुवातीलाच सांगितलं, की १८ जुलै १८५७ला विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा त्याला स्वतःची इमारतच नव्हती. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर ते फक्त परीक्षा घेणार आणि पदव्या देणार, शिकवायचं ते कॉलेजांनी. कचेरी होती टाउन हॉलमध्ये, म्हणजे आज जिथे एशियाटिक सोसायटी आहे तिथे. १८६२ साली बीए झालेले पहिले चौघे म्हणजे महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्यांचा पदवीदान समारंभही टाउन हॉलमध्येच झाला.

"म्हणजे रानड्यांनाही या हॉलमध्ये पदवी मिळाली नाही," बाबा माझ्या कानात म्हणाले. स्वर बराच समाधानाचा होता.

हा दीक्षान्त सभागृह, म्हणजे सर कावसजी जहांगीर हॉल, पुरा झाला १८७४ साली. पैसे कावसजी जहांगीर रेडिमनींचे. आराखडा लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. हा गृहस्थ मुंबईला कधी आलाच नाही, तिकडे बसून नकाशे काढले आणि पाठवून दिले. तरी बाहेरचे ते उघडे गोल जिने बघून वाटतं, की आपल्या वाऱ्याची त्याला कल्पना होती. आत मात्र सगळ्यांचेच आवाज आपोआप खाली आले. उंच छत, भोवती गॅलरी, आणि एक भलीमोठी गोल रंगीत काचेची खिडकी. तिच्या कडेने बारा राशी आहेत. एवढ्या इंग्रजी थाटाच्या हॉलमध्ये राशी बघून आई खूश झाली आणि आपली कन्या रास शोधायला लागली. बाबा मधल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले ते उठेचनात. गाइड पुढच्या इमारतीकडे निघाली तशी आई म्हणाली, "अहो, चला. नाव नाही पुकारणार आता कोणी." ते उठले, पण मंचाकडून वळसा घालून आले.

राजाबाई टॉवर शेजारीच, ग्रंथालयाला जोडून. उंची २८० फूट. बसमधून हजार वेळा पाहिला असेल, पण पायथ्याशी उभं राहून मान मागे टाकल्यावर तो वेगळाच दिसतो. त्याचा पिवळसर दगड कुर्ल्याचा आहे म्हटल्यावर चिरंजीवांनी पहिल्यांदा मोबाईल खिशात टाकला. "कुर्ल्याला दगड निघायचा? आपल्या कुर्ल्याला?" तेवढ्यात पाव तासाचे टोले पडले आणि सगळा घोळका गप्प झाला. वर चढू देत नाहीत, ते बरंच झालं, बाबांनी हट्ट केला असता.

टॉवरची गोष्ट मला इमारतीपेक्षा जास्त आवडली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीतला राजा माणूस म्हणजे प्रेमचंद रायचंद. १८६४ साली त्यांनी ग्रंथालयासाठी देणगी दिली आणि पाठोपाठ घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. अट एकच, मनोऱ्याला आईचं नाव. १८६५मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, बँका बुडाल्या आणि प्रेमचंदही बुडाले. टॉवरची पायाभरणी त्यानंतर, १ मार्च १८६९ला झाली आणि काम पुरं व्हायला १८७८ उजाडलं. सांगतात, की राजाबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं आणि जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्ताच्या आत जेवायचं असे, टोल्यांवरून त्यांना वेळ कळायची. खरंखोटं देव जाणे. पण बाबांच्या मनात भलतंच काही चाललं होतं. "म्हणजे हासुद्धा कापसाचाच पैसा," ते म्हणाले. गिरणीत हिशेब लिहिलेला माणूस, त्याला रंगीत काचेत रस कमी.

ग्रंथालयाचं वाचनालय सुंदर आहे, पण तिथे खरोखरच मुलं अभ्यासाला बसली होती. त्यांच्या मानेवर उभं राहून फोटो काढणं बरं वाटेना, म्हणून लवकर बाहेर पडलो.

जेवण एका थाळीवाल्याकडे. आमटी पाणचट, बिल मात्र दाट. काळा घोडाही लगे हात दाखवला. मूळ पुतळ्यावर राजा सातवा एडवर्ड बसलेला होता, तो १९६५मध्ये राणीच्या बागेत गेला. २०१७ला बसवलेल्या नव्या घोड्यावर कोणीच नाही. चिरंजीवांना हे फार पटलं.

ठरलेला कार्यक्रम इथे संपत होता. आई म्हणाली, "आता माझं विद्यापीठ."

खरं सांगते, मला सुचलंच नव्हतं. घरातले पदवीधर मोजताना आम्ही तिला धरलंच नव्हतं, कारण ती मुंबई विद्यापीठाची नव्हे. १९८२च्या संपात बाबांची गिरणी बंद पडली ती पडलीच. मॅट्रिकनंतर लग्न झालेल्या आईने तेव्हा एसएनडीटी महिला विद्यापीठात बाहेरून परीक्षा द्यायला नाव घातलं. मराठीतून पेपर लिहिता येतात, हे शेजारच्या मावशींनी सांगितलं म्हणून. मला आठवते ती रात्री ओट्यापाशी पाटावर बसून नोट्स उतरवणारी आई. बीए झाली, शाळेच्या ऑफिसात लागली, आणि त्या पगारावर आमचं घर तगलं.

ओव्हल मैदान ओलांडून निघालो. एका हाताला गॉथिक मनोरे, दुसऱ्या हाताला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती, मधे पांढऱ्या कपड्यांतले किमान आठ क्रिकेट सामने. २०१८मध्ये या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आमच्या वारशाला मात्र त्या क्षणी सरबत हवं होतं. चर्चगेट मागे टाकून नाथीबाई ठाकरसी मार्गावर आलो तेव्हा चार वाजले होते.

अण्णासाहेब कर्व्यांनी हे महिला विद्यापीठ १९१६ साली सुरू केलं तेही पुण्यात. कल्पना सुचली जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून, आणि शिक्षण मातृभाषेतून. १९२१मध्ये पहिल्या पाच जणी पदवीधर झाल्या. १९३६ला विद्यापीठाचं मुख्य ठाणं मुंबईला हललं. नाव कुणाचं? सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख दिले, त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणून एसएनडीटी. हे मी फाटकाबाहेर मोबाईलवर वाचून दाखवलं.

"ठाकरसी गिरणीवाले," बाबा म्हणाले. "पुन्हा कापूस."

"पुन्हा आई," आई म्हणाली.

फाटकावरच्या वॉचमनने अडवलं. "माजी विद्यार्थिनी आहे," असं आईने ऐटीत सांगितलं. "कुठल्या सालच्या, आजी?" "शहाऐंशीच्या." तो हसला आणि तिला एकटीला पटांगणापर्यंत सोडलं, बाकी आम्ही बाहेर. पाचेक मिनिटं ती पायऱ्यांपाशी पर्स धरून उभी होती. काय बघत होती कोण जाणे, परीक्षेचं केंद्र तर तिला दादरला होतं.

परतीच्या गाडीत बसायला मिळालं. भायखळ्यापर्यंत चिरंजीव झोपले. "माझी पदवी कपाटात आहे, वरच्या खणात," आई म्हणाली. "तुमची कुठे असते हो?"

बाबांनी बराच वेळ आठवलं. "गादीखाली. गुंडाळी सरळ होत नव्हती म्हणून ठेवली होती, त्र्याहत्तर साली."

"ती गादी आपण परळची खोली सोडताना दिली ना?"

कांजूरमार्ग येईपर्यंत दोघंही काही बोलले नाहीत. मग बाबांनी मला विचारलं, डुप्लिकेट काढायला कलिन्याला किती वाजता जावं लागतं.