पोर्ट उगवतो आणि लगेच मावळतो: सीरियल बोर्डाशी झालेली झटापट

"ड्रायव्हर टाका." सीरियल उपकरण (एकामागून एक बिट पाठवत कॉम्प्युटरशी बोलणारं) कॉम्प्युटरला दिसत नाही म्हटलं की समोरचा आधी हेच सांगतो. ड्रायव्हर म्हणजे उपकरण आणि कॉम्प्युटर यांचा मेळ घालणारा प्रोग्रॅम. मला हे इतक्या जणांनी सांगितलं की आता ड्रायव्हर हा शब्द ऐकला तरी डोकं तापतं. माझ्या मशीनवर ड्रायव्हर पहिल्यापासून होता, नीट होता आणि आपलं काम चोख करतही होता. भानगड त्याच्यापुढे होती, आणि तिथपर्यंत कुणी बघायलाच तयार नव्हतं.

मांडणी साधी. उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) चा लॅपटॉप आणि तापमान-आर्द्रतेच्या नोंदी यूएसबीवरून पाठवणारा एक छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. बोर्डावर यूएसबीचं सीरियल करणारी चिप सीएच३४०, म्हणजे स्वस्त बोर्डांवर सगळीकडे सापडणारी. हाच बोर्ड याच केबलनं याच लॅपटॉपवर २०.०४ मध्ये बिनतक्रार चालत होता. अपग्रेड झालं, प्रोग्रॅममध्ये पोर्टांची, म्हणजे उपकरणांशी बोलायच्या दारांची, यादी उघडली, तर बोर्डाचा पत्ताच नाही.

केबल बदलून पाहिली, सॉकेट बदललं, हब काढून थेट जोडलं. काही फरक नाही. केबलचा सल्ला मात्र हसण्यावारी नेऊ नका. फक्त चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये विजेच्या दोनच तारा असतात, डेटाच्या दोन नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. दिवा लागला याचा अर्थ पाच व्होल्ट पोचले, एवढाच. त्याच केबलनं फोनमधली एखादी फाइल कॉम्प्युटरवर घेऊन बघा, संशय फिटतो.

आता ज्यानं मला खरा वैताग दिला त्याकडे येते.

जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी एलएस-यूएसबी ही कमांड दिली की बोर्ड यादीत दिसायचा. आयडी १ए८६:७५२३, शेजारी सीएच३४० असं नावसुद्धा. पण टीटीवाय-यूएसबी-० ही फाइल, जिच्यातून प्रोग्रॅम बोर्डाशी बोलतो, ती मात्र नाही. म्हणजे उपकरण आहे आणि पोर्ट नाही. हे वर्णन ऐकलं की सल्लागार मंडळी खुशीत यायची: "बघा, चिप दिसतेय आणि पोर्ट बनत नाही, म्हणजे ड्रायव्हरच नाही!" मग कुठूनतरी सोर्स कोड उतरवा, स्वतः कंपाइल करा, जुना मॉड्यूल (म्हणजे ड्रायव्हरचा तुकडा) काढा, नवा घाला. अहो, या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, असतो, सीएच३४१ या नावानं. लोड झालेल्या मॉड्यूलांची यादी मागितली की तो तिथे बसलेला दिसत होता. हे दाखवलं तरी पुढचा सल्ला तोच: "मग परत टाकून बघा."

शेवटी मी यादी बघणं सोडलं आणि घटना बघायला बसले. यादी म्हणजे त्या क्षणाची स्थिती, आणि माझा प्रश्न आधीच्या दोन-तीन सेकंदांत काय घडलं याचा होता. कर्नलच्या नोंदी दाखवणारी डीमेसेज ही कमांड सुडो लावून (म्हणजे प्रशासकाच्या अधिकारानं), सतत ताज्या नोंदी दाखवत राहील अशी चालू ठेवली (त्यासाठी डब्ल्यू हा पर्याय आहे) आणि मग केबल खुपसली. एकेक ओळ येत गेली. नवं उपकरण आलं. आयडी वाचला. सीएच३४१ कन्व्हर्टर सापडला. कन्व्हर्टर टीटीवाय-यूएसबी-० ला जोडला.

जोडला! म्हणजे पोर्ट बनत होता. ज्या ड्रायव्हरवर सगळे घसरत होते, त्यानं आपलं काम पुरं केलं होतं. पण पडद्यावरच्या नोंदी तिथे थांबल्या नाहीत. पाठोपाठ आणखी एक ओळ आली. तिचा आशय असा, की इंटरफेस शून्य सीएच३४१ च्या ताब्यात असताना 'बीआरएलटीटीवाय' नावाचा प्रोग्रॅम त्या उपकरणाचं कॉन्फिगरेशन बदलतोय. आणि लगेच खाली: कन्व्हर्टर टीटीवाय-यूएसबी-० पासून तुटला. केबल तशीच खुपसलेली, बोर्डाचा दिवा चालू, एलएस-यूएसबीत नाव हजर, आणि पोर्ट जन्मून गेलेलासुद्धा. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत, पडद्यावर एका शब्दाचीही सूचना न देता.

बोर्ड न दिसणं वेगळं आणि दिसलेला बोर्ड दुसऱ्यानं ढापणं वेगळं. दोन्हींची बाहेरून दिसणारी खूण एकच, रिकामी यादी. म्हणून नोंदी वाचायच्या तर शेवटच्या ओळीपर्यंत. 'जोडला' वाचून मी तिथेच नोंदी बंद केल्या असत्या तर आजही ड्रायव्हर कंपाइल करत बसले असते.

तर हा बीआरएलटीटीवाय कोण? ब्रेल डिस्प्ले चालवणारा प्रोग्रॅम. पडद्यावरचा मजकूर वर-खाली होणाऱ्या ठिपक्यांमध्ये उमटवणारी जी यंत्रं असतात, दृष्टिहीन माणसं बोटांनी वाचतात ती, त्यांच्यासाठी. असं यंत्र जोडताक्षणी आपोआप चालू व्हावं म्हणून हा प्रोग्रॅम यूडेव्हच्या नियमांत आयडींची यादी ठेवतो. (उपकरण जोडल्यावर काय करायचं ते ठरवणारी लिनक्सची व्यवस्था म्हणजे यूडेव्ह.) यादीतला आयडी दिसला की उपकरण आपलंच. आता गंमत अशी की वीस अक्षरं दाखवणाऱ्या एका ब्रेल वाचकात आतली चिप हीच, आणि तिचा आयडीही कारखान्यातून आला तसाच: १ए८६:७५२३. आयडी चिपचा आहे, ती ज्या यंत्रात बसवली त्याचा नाही. त्यामुळे माझा बोर्ड आणि ते ब्रेल यंत्र यांत फरक करायला कॉम्प्युटरकडे काही साधनच नव्हतं.

त्या प्रोग्रॅमवर माझा राग नाही. बोटांनी वाचणाऱ्या माणसाला आधी सेटिंग शोधा, मग डिस्प्ले चालू करा असं सांगणं क्रूरपणाचं आहे. त्याचं यंत्र आपोआपच चालू व्हायला हवं. राग आहे तो हजारो वेगवेगळ्या वस्तूंवर एकच आयडी तसाच ठेवून देण्याच्या आळसावर. आणि थोडा त्या 'परत टाकून बघा' मंडळींवर.

उपाय सोपा निघाला. बहुतेक जण बीआरएलटीटीवायचं पॅकेजच काढून टाकायला सांगतात. ब्रेल डिस्प्ले त्या मशीनवर कुणीही वापरणार नसेल तर खुशाल काढा, एका कमांडचं काम आहे. मशीन चारजण वापरत असतील तर मात्र आधी विचारा. मी पॅकेज ठेवलं. यूडेव्हच्या नियमांच्या फोल्डरात ८५ आकड्यानं सुरू होणारी त्याची फाइल असते. तिची प्रत ईटीसीखालच्या यूडेव्हच्या नियमांच्या फोल्डरात त्याच नावानं ठेवली आणि प्रतीत १ए८६/७५२३ असलेल्या ओळीच्या सुरुवातीला हॅशची (#) खूण दिली, म्हणजे ती ओळ वाचलीच जात नाही. एकाच नावाच्या दोन फाइली असल्या तर ईटीसीमधली चालते, आणि पॅकेज अपडेट झालं तरी माझी प्रत तशीच राहते. मूळ फाइलीत फेरफार केला तर पुढच्या अपडेटला तो पुसला जाऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग यूडेव्हला नियम नव्यानं वाचायला लावले, केबल काढून पुन्हा घातली. नोंदी 'जोडला'वर थांबल्या. पुढे काही नाही. एवढं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

प्रोग्रॅम उघडला तर "परवानगी नाकारली". हा टप्पा किरकोळ. उबुंटूत सीरियल पोर्ट डायलआउट गटातल्यांनाच उघडता येतो. गटात नाव घालायचं आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करायचं. नुसती टर्मिनलची खिडकी बंद करून उघडल्यानं भागत नाही. पोर्टाच्या फाइलची परवानगी हातानं बदलूनही तेवढ्यापुरतं काम होतं, पण केबल काढली की ती फाइल नाहीशी होते आणि परत जोडल्यावर नवी बनते, जुन्याच परवानगीसकट.

विंडोजवाल्यांसाठी, कारण तेही विचारतात: डिव्हाइस मॅनेजर उघडा ठेवून केबल जोडा. काहीच हललं नाही तर संशय केबलवर किंवा सॉकेटवर. पिवळं चिन्ह आणि कोड २८ आला तर ड्रायव्हर खरंच नाही, इथे तो सल्ला बरोबर आहे, मानते. आणि यादीत कॉम-१ दिसतो म्हणून हुरळून जाऊ नका, तो बहुधा मदरबोर्डचा स्वतःचा पोर्ट असतो. लिनक्समध्ये टीटीवाय-एसनं सुरू होणाऱ्या नावांचंही तेच; काही जोडलेलं नसलं तरी ती नावं यादीत असतात.

जुनी आरएस-२३२ ची (यूएसबीच्या आधीच्या सीरियल जोडणीची) यंत्रं यूएसबी कन्व्हर्टर लावून जोडणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करावी. कॉम्प्युटरला फक्त कन्व्हर्टर दिसतो. पलीकडचं यंत्र त्याला कधीच 'दिसत' नाही, कारण आरएस-२३२ मध्ये स्वतःची ओळख सांगायची सोयच नाही. पोर्ट बनला आणि यंत्र गप्प असलं तर यंत्र काढा, कन्व्हर्टरच्या नऊ पिनांच्या टोकावर दोन आणि तीन नंबरच्या पिना तारेनं एकमेकींना जोडा आणि टर्मिनल प्रोग्रॅममध्ये काहीतरी टाइप करा. फ्लो कंट्रोल (थांब-पाठव असे इशारे) आणि लोकल एको (टाइप केलेलं प्रोग्रॅमनं स्वतःच दाखवणं) तेवढे बंद ठेवा. टाइप केलेलं तसंच परत आलं तर इथवर सगळं ठीक आहे, पुढे वेग, वायरिंग किंवा यंत्र तपासायचं. अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं येत असतील तर पहिला संशय बॉड रेटवर, म्हणजे डेटा पाठवण्याच्या वेगावर: ९६०० च्या जागी ११५२०० किंवा उलट.

आणि हे सुरुवातीलाच लिहायचं राहिलं: सीएच३४० चे दोन बोर्ड एकाच मशीनला लावणार असाल तर टीटीवाय-यूएसबी-० आणि १ या आकड्यांवर विसंबू नका, जोडण्याच्या क्रमानुसार ते अदलाबदल होतात. या चिपला सहसा स्वतःचा सीरियल नंबरही नसतो, त्यामुळे आयडीवरून बनणारं नाव दोघांचं सारखंच निघतं. डेव्ह फोल्डरात सीरियल, आणि त्याखाली बाय-पाथ नावाचं फोल्डर असतं. तिथली नावं कोणत्या सॉकेटात काय खुपसलंय त्यावरून ठरतात. प्रोग्रॅमला तेच नाव द्या, आणि कुठला बोर्ड कुठल्या सॉकेटात जातो ते केबलवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.